गर्भपाताचा निर्णय : इंदुरात कायद्याच्या चौकटीत कसे जावे

प्रथम सोनोग्राफीने गर्भाचे आठवडे निश्चित करून घ्यावेत, कारण 1971 च्या वैद्यकीय गर्भपात कायद्यातील 2021 च्या दुरुस्तीनंतर 20 आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरांचे मत पुरते, 20 ते 24 आठवड्यांत बलात्कारपीडित, अल्पवयीन, विधवा अशा ठरावीक स्त्रियांसाठी दोघांचे लागते आणि त्यापुढे गर्भात गंभीर व्यंग असल्यास वैद्यकीय मंडळ ठरवते. अविवाहितेलाही 24 आठवड्यांची ही मुभा सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये मान्य केली.

संमतिपत्र हिंदीत असेल, तर ओळ न ओळ समजून घेऊनच सही करावी. सज्ञान स्त्रीची एकटीची सही पुरेशी असते. पतीच्या सहीचा आग्रह झाल्यास कायद्यात तशी अट नाही, असे नम्रपणे पण ठामपणे सांगावे. मुलगी 18 वर्षांखालील असल्यास मात्र पालकांची लेखी संमती लागते.

घरातील वडीलधारी मंडळी ‘जीवहत्या’ म्हणतील. तो आक्षेप ऐकून घ्यावा, पण माझ्या मते शेवटचा शब्द जिच्या पोटात गर्भ आहे तिचाच असावा. कायदा मात्र तितका पुढे गेलेला नाही : गर्भपात मूलतः गुन्हाच असून 1971 चा कायदा हा अपवाद आहे, आणि किल्ली डॉक्टरांच्या हाती आहे. लिंगनिदानाची विचारणा तर करूच नये. 1994 च्या कायद्याने ती स्वतंत्रपणे दंडनीय आहे.