मिररलेस कॅमेऱ्याचा केज: निवड, जोडणी आणि भाराची मांडणी

मिररलेस कॅमेऱ्याची, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्याची, बॉडी मुळात हातात धरून छायाचित्रे काढण्यासाठी घडवलेली असते. तिच्या तळाला ट्रायपॉडचे एक भोक आणि माथ्यावर एक हॉट शू (फ्लॅश बसवण्याची खाच), एवढीच काय ती इतर साहित्य जोडण्याची सोय. व्हिडिओच्या कामात मात्र मॉनिटर, माइक, रेकॉर्डर, मोठी बॅटरी आणि हँडल यांची गर्दी होते, आणि ती पेलण्यासाठी बॉडीभोवती बसवली जाणारी धातूची चौकट म्हणजे केज. पडझडीपासून संरक्षण मिळेल या आशेने अनेक जण तो घेतात. कडा आणि कोपऱ्यांवरचा मार केज झेलतो हे खरे, पण लेन्स चौकटीबाहेरच राहते, आणि कॅमेरा तोंडावर पडला तर केजचा फारसा उपयोग होत नाही. त्याचे खरे काम वेगळे आहे: हॉट शू आणि एचडीएमआय पोर्ट यांसारख्या नाजूक जागांवर येणारा भार त्यांच्यावरून काढून धातूकडे वळवणे. निवड आणि जोडणी करताना हाच निकष डोळ्यांपुढे ठेवावा.

खरेदीपूर्वी कॅमेऱ्यावर नेमके काय काय लावायचे आहे याची यादी करावी. फक्त माइक आणि छोटा मॉनिटर असेल तर एक बाजू मोकळी ठेवणारा हाफ केज पुरतो; तो हलका असतो आणि कॅमेऱ्याची मूळ पकड हाताला मिळते. हँडल, रॉड (साहित्य पेलणाऱ्या नळ्या) आणि व्ही-माउंट बॅटरी (व्ही आकाराच्या खाचेत बसणारी मोठी बॅटरी) लागणार असेल तर चारही बाजूंनी वेढणारा फुल केज घ्यावा. शक्यतो आपल्याच मॉडेलसाठी बनवलेला केज निवडावा, कारण एकाच मालिकेतील पुढच्या मॉडेलमध्ये बटण किंवा झाकण दोन-चार मिलिमीटर जरी सरकलेले असले तरी जुना केज त्यावर नीट बसत नाही. केज चढवलेला असताना बॅटरीचे आणि कार्डाचे झाकण पूर्ण उघडते का, पडदा (स्क्रीन) बाजूला उघडून फिरवता येतो का आणि हवा बाहेर टाकणाऱ्या जाळ्या मोकळ्या राहतात का, हे तपासावे. सोनी एफएक्स३सारख्या काही कॅमेऱ्यांच्या बॉडीवरच १/४ इंची भोके दिलेली असतात. तेथे हलक्या जोडणीसाठी केज घेण्याची गरजच नसते.

केजवरील लहान भोके १/४ इंची असून त्यांत इंचाला २० आटे असतात, तर मोठी ३/८ इंची असून त्यांत १६ आटे असतात. येथे एक सावधगिरी बाळगावी. सामान्य हार्डवेअरचा ६ मिलिमीटरचा एम६ स्क्रू १/४ इंची स्क्रूसारखाच दिसतो. भोकात एक-दोन फेरे सहज जातो आणि मग अडतो. त्यानंतर जोर लावला तर ॲल्युमिनियमचे आटे कायमचे मरतात. योग्य स्क्रू हाती असतानाही तो आधी हलकेच उलट दिशेने फिरवावा. आटे जुळल्याची बारीक ‘टक’ बोटांना जाणवली की मगच सुलट फिरवायला सुरुवात करावी. या सवयीमुळे स्क्रू तिरका चढत नाही.

जोडणीची सुरुवात रिकाम्या केजपासून करावी. लेन्स काढून बॉडीला झाकण लावावे, बॉडी केजमध्ये सरकवावी आणि तळाचा स्क्रू आधी सैलच ठेवावा. त्यानंतर पट्टा अडकवण्याच्या कडीजवळ किंवा हॉट शूपाशी असलेला दुसरा टेकू बसवावा आणि मगच दोन्ही आळीपाळीने घट्ट करावेत. केवळ तळाच्या एका स्क्रूवर बसलेला केज फोकस ओढताना (चित्रीकरण चालू असताना फोकस बदलताना) किंचित फिरतो, आणि हे फिरणे चित्रात दिसते. तळाचा मूळ स्क्रू हरवला तर त्याऐवजी लांब स्क्रू मुळीच लावू नये. तो बॉडीच्या भोकाचा तळ गाठून आतून इजा करू शकतो. स्क्रू ढिले होऊ नयेत म्हणून काही जण आट्यांवर लॉकिंगचे द्रव्य लावतात. ते दोन धातूंच्या जोडापुरते ठीक आहे, पण कॅमेऱ्याच्या बॉडीजवळ टाळावे, कारण अशी काही द्रव्ये प्लास्टिकला तडे पाडतात.

एका स्क्रूवर लावलेली कोणतीही वस्तू कालांतराने फिरतेच. म्हणून वरच्या हँडलसाठी ॲरी या कॅमेरा कंपनीच्या पद्धतीचे भोक वापरावे: मध्ये ३/८ इंची आटे आणि शेजारी दोन पिनांसाठी दोन छिद्रे. पिना छिद्रांत बसल्या की हँडल वळू शकत नाही. वारंवार काढाघाल करायची असेल तर नाटो रेल, म्हणजे ठरावीक मापाची सरकपट्टी, सोयीची; मात्र रेलच्या टोकांना अडसराचे स्क्रू किंवा पिना आहेत याची खात्री करूनच कॅमेरा हँडलने उचलावा. मॉनिटरसाठी साधा कोल्ड शू (हॉट शूसारखीच, पण विद्युत जोडणी नसलेली खाच) पुरेसा वाटतो, पण मागे बॅटरी लावलेला मॉनिटर त्यावर डुलत राहतो. त्याला पिना असलेला, झुकवता येणारा माउंटच द्यावा. माइकचे वजन कमी असते, त्याला कोल्ड शू चालतो.

एवढ्या सगळ्या साहित्यात सर्वांत कमी किमतीचा आणि सर्वांत मोलाचा भाग म्हणजे केबल क्लॅम्प. अनेक मिररलेस कॅमेऱ्यांत मायक्रो एचडीएमआय पोर्ट असते आणि ते आतील सर्किट बोर्डावर सोल्डरने जोडलेले असते. लोंबती केबल कुठे अडकून हिसका बसला तर पोर्ट सैल होते आणि दुरुस्ती बोर्डापर्यंत जाते. क्लॅम्प बसवताना प्लग आधी सरळ, पूर्ण आत घालावा, मग क्लॅम्पचे जबडे प्लगच्या जाड भागावर आणावेत आणि प्लग वर, खाली किंवा बाजूला ढकलला जात नाही हे पाहूनच स्क्रू आवळावा. वाकडा बसलेला क्लॅम्प पोर्टवर सतत ताण ठेवतो, म्हणजे त्याच्यापेक्षा तो नसलेला बरा. क्लॅम्पच्या पुढे केबलचा लहानसा सैल वळसा सोडून ती केजला बांधावी. बाजूला उघडणारा पडदा बहुधा याच केबलवर आदळतो, त्यामुळे काटकोनी प्लगची केबल घेण्यापूर्वी तिचे तोंड कोणत्या दिशेला वळते ते पाहावे.

मॅट बॉक्स (लेन्सपुढे नको असलेला प्रकाश अडवणारी चौकट) किंवा फॉलो फोकस (फोकस फिरवण्याची चक्री) लावायचा असेल तर केजखाली १५ मिलिमीटर व्यासाच्या रॉडची बैठक लागते. हलक्या पद्धतीत दोन रॉडच्या मध्यांतील अंतर ६० मिलिमीटर असते, त्यामुळे या मापाचे निरनिराळ्या कंपन्यांचे साहित्य सहसा एकमेकांशी जुळते. जड लेन्सला रॉडवरून टेकू द्यावा, पण तो लेन्सला फक्त स्पर्श करेल इतकाच वर आणावा; लेन्स वर उचलली गेली तर ताण पुन्हा लेन्स बॉडीला जोडणाऱ्या माउंटवरच येतो.

ट्रायपॉडवर झटपट बसणाऱ्या अर्का पद्धतीच्या प्लेटचे माप सर्व कंपन्यांत काटेकोरपणे सारखे नसते, म्हणून आपल्या ट्रायपॉडच्या क्लॅम्पमध्ये ती खुळखुळत नाही ना, हे घट्ट करून आणि हलवून पाहावे. बॅटरी मागच्या बाजूला लावली की पुढच्या लेन्सचे वजन बरेचसे तोलले जाते. गिंबलवर (मोटरच्या साहाय्याने कॅमेरा स्थिर ठेवणाऱ्या उपकरणावर) काम असेल तर मात्र वरचे हँडल आणि मॉनिटर उतरवून हाफ केज किंवा नुसती तळाची प्लेटच ठेवावी, कारण फुल केजची रुंदी बहुतेक वेळा गिंबलच्या मोटरला अडते.

जोडणी पूर्ण झाल्यावर एक हात कॅमेऱ्याखाली तयार ठेवून दुसऱ्या हाताने तो हँडलने उचलावा, सावकाश डावी-उजवीकडे झुकवावा आणि कुठे करकर किंवा हालचाल जाणवते का ते पाहावे. प्रवासातील कंपनांनी स्क्रू हमखास सैल होतात, म्हणून चित्रीकरणाच्या जागी पोहोचल्यावर ही तपासणी पुन्हा करावी. ॲलन की (स्क्रू आवळण्याची षट्कोनी किल्ली) केजच्याच चुंबकी खाचेत ठेवावी आणि १/४ इंची दोन-तीन जादा स्क्रू बॅगेत असू द्यावेत.