साइटची वही फोनात आणताना: आधी बटवडा, मग स्लॅब, ॲप सगळ्यात शेवटी

मे महिन्यात खानापूर रोडच्या साइटवर स्टील उतरलं आणि काट्याची पावती टिपरच्या काचेपाशीच राहिली. दुपारी मेस्त्री ती घेऊन आला, तर कागद काळपट पडलेला आणि आकडे त्यातच बुडालेले. "अक्का, पावती हाय की, खरं त्यातलं काय दिसंना झालंय." थर्मल कागदाची पावती तापली की असंच होतं. मग उन्हात बसून सळया मोजल्या. व्यासाचा वर्ग भागिले १६२ केलं की मीटरमागे किलो निघतात; १२ एमएमची १२ मीटरची सळी साधारण १०.६७ किलो भरते. हिशेब लागला, पण अर्धा दिवस त्यातच गेला. आता आमच्याकडं गाडी काट्यावरून हलायच्या आधी पावतीचा फोटो निघतो. डिजिटल म्हणजे काय, असं कुणी विचारलं तर मी हेच सांगते.

दादा कॉन्ट्रॅक्टर, मी सिव्हिल डिप्लोमा. बेळगावातल्या अनगोळच्या घराची पुढची खोली हेच ऑफिस. दोन-तीन घरं, एखादं दुकान, मध्येच जांबोटीकडचं एखादं फार्महाऊस, एवढा आमचा पसारा. एवढ्याला महिन्याचे पैसे घेणारं ॲप लागत नाही. आम्ही एक घेतलं होतं. तीन महिन्यांनी त्यात मी एकटीच उरले. म्हणून खाली जे सांगते ते गुगल शीट, गुगल ड्राइव्ह, फोनचा कॅमेरा आणि कॅलेंडर एवढ्यावरच चालतं.

सुरुवात बटवड्यापासून, म्हणजे मजुरांच्या आठवड्याच्या पगारापासून करा. ड्रॉइंगपासून नको, एमबीपासून (कामाच्या मोजमापाच्या वहीपासून) तर नकोच. शनिवारी हातात किती पडणार यात प्रत्येकाला रस असतो, त्यामुळं नोंद चुकली की दुसऱ्या मिनिटाला कुणीतरी ओरडतं. इतकी कडक तपासणी दुसऱ्या कुठल्याच कागदाची होत नाही. शीटमध्ये माणसामागे एक ओळ आणि दिवसामागे एक रकाना ठेवा. पूर्ण दिवसाला १, अर्ध्याला ०.५. उचल मात्र वेगळ्या पानावर, तारखेसकट. हजेरी आणि उचल एकाच पानावर ठेवली की भांडण ठरलेलंच.

आकड्यांचं एक सांगून ठेवते. आमच्या भागात एकाच साइटवर गवंडी मराठीत लिहितो, बैलहोंगलकडचा बार बेंडर, म्हणजे सळ्या वाकवणारा, कन्नडमध्ये आणि बिहारचा सेंट्रिंगवाला हिंदीत. माझ्या हातची '१४ पोती' कन्नड सुपरवायझरनं ९४ वाचली होती, कारण मराठीतला एक त्याला इंग्रजी नऊ दिसला. सिमेंटची ऑर्डर जाता जाता थांबली, तीसुद्धा दुकानदारानं "इतकं कशाला?" म्हणून फोन केला म्हणून. तेव्हापासून वहीत असो की शीटमध्ये, आकडे इंग्रजीच. शब्द ज्याला येतील त्या भाषेत चालतील. ज्याला लिहायचा कंटाळा आहे त्यानं संध्याकाळी व्हॉइस मेसेज टाकायचा: कोण आलं, किती पोती फुटली, काय काम झालं. फोनच्या कीबोर्डवर बोलून टाइप करायची सोय मराठीला आहे तशी कन्नडलाही आहे, पण आमचा बार बेंडर मशिनशी बोलायला लाजतो, माझ्याशी बोलतो. रात्री जेवणानंतर मी ते ऐकून शीटमध्ये भरते. दहा मिनिटांचं काम.

या हजेरीचा एक उपयोग मला उशिरा कळला. बांधकाम कामगार म्हणून कल्याण मंडळाकडं नाव नोंदवायचं तर गेल्या १२ महिन्यांत किमान ९० दिवस काम केल्याचं दाखवावं लागतं. पूर्वी त्यासाठी चार वह्या चाळायला लागायच्या, त्यातल्या दोन पावसानं फुगलेल्या. आता नावावर फिल्टर लावला की बेरीज समोर येते. हे समजल्यावर गवंड्यांच्या बायकासुद्धा "आमची हजेरी टाकलीसा न्हवं?" म्हणून विचारायला लागल्या.

बटवडा दोन महिने नीट चालला की फोटोकडं वळा. इथं माझा हट्ट एकच आहे: जे झाकलं जाणार त्याचा फोटो आधी. रंगवलेल्या भिंतीचा फोटो कधीही काढता येतो, ती कुठं पळत नाही. काँक्रीटखाली जाणारी सळी, टाइल्सखाली जाणारा पाइप आणि भरावाखाली जाणारं फुटिंग (कॉलमचा पाया) मात्र एकदाच दिसतं.

स्लॅबच्या आदल्या संध्याकाळी मी पाटी आणि टेप घेऊन सेंट्रिंगवर चढते. लहान पोरांची पाटी-पेन्सिलच. तिच्यावर तारीख, साइट आणि जागा लिहायची: 'पहिला स्लॅब, जिन्याकडचा बीम, सी ७ ते सी ८' (सी म्हणजे कॉलम). पाटी आणि उलगडलेला टेप दोन्ही फोटोत आलेच पाहिजेत. टेप नसलेल्या फोटोत सळ्यांभोवतीच्या रिंगा ४ इंचावर आहेत की ६ इंचावर हे कुणालाच सांगता येत नाही, आणि वाद होतो तो नेमका त्यावरच. कॉलम-बीमचा जोड, सळीखालचे कव्हर ब्लॉक, बाथरूमच्या सन्क (खाली घेतलेल्या) स्लॅबमधले पाइप आणि लाइटच्या कंड्युटची (वायरच्या नळ्यांची) वळणं, यांचे जवळून आणि लांबून असे दोन-दोन फोटो. लांबचा नसेल तर जवळचा कुठला हे महिन्यानं आपल्यालाच ओळखू येत नाही. रेडीमिक्स (प्लँटवरून गाडीनं येणारं काँक्रीट) असेल तर चलनावर गाडी आल्याची आणि ओतून झाल्याची वेळ पेननं लिहा, मगच त्याचा फोटो.

हे फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून गप्प बसू नका. तिथं फोटो दाबला जातो, टेपवरचे आकडे फुटतात, आणि कुठं-केव्हा काढला ही फोटोच्या पोटातली माहितीही निघून जाते. पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. त्यापेक्षा थेट ड्राइव्हवर चढवा आणि फाइलला नाव द्या: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, पुढं साइट, भाग आणि काय ते. '2025-05-09 खानापूर-रोड पहिला-स्लॅब स्टील', असं. महिना आणि दिवस दोन आकडी ठेवलेत तर नावानं लावलं की तारखेनं आपोआप लागतं. दादा अजून 'नवीन फोटो', 'नवीन फोटो फायनल' अशी नावं देतो. त्याच्या फाइली मी दर रविवारी गुपचूप बदलते.

स्लॅब पडला त्याच दिवशी फोनच्या कॅलेंडरमध्ये गजर लावून टाका. क्यूब, म्हणजे ताकद तपासायचे काँक्रीटचे ठोकळे, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी तपासायचे. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे ६ ते १५ घनमीटर काँक्रीटला २ नमुने, एका नमुन्यात ३ क्यूब. टेकू काढायचा गजर वेगळा: दोन आधारांमध्ये ४.५ मीटरपर्यंत अंतर असलेल्या स्लॅबला ७ दिवस, त्याहून लांब असेल तर १४. बीमखालचे ६ मीटरपर्यंत १४ आणि पुढं २१. हे दिवस साध्या ओपीसी सिमेंटचे आहेत. आता पोतं बहुतेक पीपीसीचंच (राख मिसळलेल्या सिमेंटचं) येतं आणि ते ताकद हळू धरतं, म्हणून इंजिनियरला विचारून दिवस वाढवायचे आणि गजरही पुढं सरकवायचा. सेंट्रिंगवाल्याला पुढच्या साइटवर प्लेटा न्यायच्या असतात, त्याची घाई खरीच असते. गजर दाखवला की त्याच्याशी माझा वाद होत नाही, फोनशी होतो.

ड्रॉइंगचं थोडक्यात. प्रत्येक सुधारित ड्रॉइंगला क्रमांक, आणि फोल्डरमध्ये एकच चालू फाइल. बाकीच्या 'जुनं' नावाच्या फोल्डरात. पण खरा धोका साइटवर खिळ्याला अडकवलेल्या कागदाचा असतो. एकदा नवीन जिना फोनात होता आणि जुना खिळ्यावर. गवंड्यानं खिळ्यावरचा बांधला. चूक माझी, कागद मी उतरवला नव्हता. त्या पायऱ्या फोडायला दोन माणसं दीड दिवस लागली. आता नवा कागद देताना जुना हातात घेतल्याशिवाय मी साइट सोडत नाही.

जांबोटी-कणकुंबीकडं काम असेल तर रेंज गृहीत धरू नका. शीट ऑफलाइन उघडेल अशी सोय घरूनच, वायफायवर असताना करून ठेवा. तिथं जाऊन ती करता येत नाही. पावसाळ्यात तिकडं कागदाची वही म्हणजे लगदा, तरी ती बंद करू नका. प्लास्टिकच्या पिशवीत वही आणि रोज संध्याकाळी त्या पानाचा फोटो. आणि पाऊस किती वाजता सुरू झाला, किती वाजता थांबला, कितीजण बसून राहिले हे त्याच दिवशी लिहा. जुलैमध्ये काम का अडलं हे मालक दिवाळीत विचारतो.

मूळ बिलं आणि चलनं फोटो काढले म्हणून टाकू नका, बॉक्स फाइलमध्ये राहू देत.

घर ताब्यात देताना आम्ही मालकाला झाकलेल्या पाइप-वायरच्या फोटोंच्या फोल्डरची लिंक देतो, म्हणजे उद्या बाथरूममध्ये खिळा ठोकायचा तर आधी बघता येतं. लिंक 'फक्त पाहता येईल' अशीच ठेवा. एकदा घाईत मी बदल करता येणारी दिली, तीही चुकून शीटची. त्यांच्या नातवानं फोनवर खेळता खेळता स्टीलचं अख्खं पान पुसलं. व्हर्जन हिस्टरीत जाऊन आदल्या दिवशीचं परत आणलं, तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते आणि दुसऱ्या दिवशी बटवडा होता.