पोलीस भरती: ग्राउंडबाहेरच्या या चुका टाळा

भरती म्हटली की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर ग्राउंड येतं. पहाटे चारचा गजर, भिजवलेले हरभरे, स्टॉपवॉच. पण पोरं बाद होतात ती बऱ्याचदा फॉर्म भरताना, कागदपत्रांच्या टेबलावर, नाहीतर वयाचा हिशोब चुकल्यामुळे. या चुका टाळायला घाम गाळावा लागत नाही, म्हणून कुणी त्यांच्याकडे फारसं बघतही नाही.

सगळ्यात महागात पडते ती दारं निवडण्यातली चूक. महाराष्ट्रात पोलीस व्हायची मुख्य वाट चार ठिकाणी उघडते. बारावीवर शिपाई, पदवीनंतर एमपीएससीच्या संयुक्त परीक्षेतून पीएसआय, राज्यसेवेतून डीवायएसपी आणि यूपीएससीतून आयपीएस. अनेक पदवीधर ठरवतात, ‘आधी पीएसआय बघू, नाही जमलं तर शिपाई आहेच.’ हिशोब बरोबर उलटा आहे. खुल्या प्रवर्गाला शिपाई भरतीचं दार २८व्या वर्षी बंद होतं, पीएसआयचं ३१ला आणि यूपीएससीचं ३२ला. मागासवर्गीयांना शिपाई पदासाठी ३३ आणि पीएसआयला ३४. म्हणजे जे दार ‘शेवटचा पर्याय’ म्हणून राखून ठेवलंय, तेच सगळ्यात आधी लागतं. त्यात भरती दरवर्षी ठरल्या महिन्यात निघेल याची खात्री नसते. शिपाई म्हणून लागल्यावर खात्याची परवानगी घेऊन एमपीएससी देता येते, आणि देणारे देतातही. अभ्यासाला वेळ कमी मिळतो हे खरं, पण घरचं ‘आता काय करणार?’ तरी थांबतं.

दुसरी चूक गुणांची. शिपाई पदाला मैदानी ५० गुणांची आणि लेखी १०० गुणांची. मेरिट लागतं दोन्ही मिळून १५० गुणांवर. तरी वर्षभराच्या तयारीतला मोठा वाटा ग्राउंडवरच जातो. ग्राउंडला किमान ५० टक्के लागतात, पण तेवढ्यावर लेखीला बोलावणं येईलच असं नाही. एका जागेमागे दहा जणांनाच लेखीला बोलावतात. लेखी म्हणजे ९० मिनिटांत अंकगणित, बुद्धिमत्ता, मराठी व्याकरण, सामान्य ज्ञान आणि चालू घडामोडी. गणिताला घाबरून ते शेवटी ठेवणारा उमेदवार ग्राउंडला कितीही पुढे असला तरी इथे मागे पडतो.

ग्राउंडवरही एक ठरलेली गफलत होते. मुलांची १६०० मीटर आणि मुलींची ८०० मीटर धाव २० गुणांची, १०० मीटर आणि गोळाफेक प्रत्येकी १५ गुणांची. लांब धावेचं वेड सगळ्यांना, गोळ्याकडे मात्र भरतीच्या आधी महिनाभर लक्ष जातं. मुलांचा गोळा ७.२६० किलोचा आणि मुलींचा ४ किलोचा. नुसत्या दंडाच्या जोरावर तो लांब जात नाही. गोळा मानेला टेकलेला, कोपर वर, मागच्या पायातून जोर, मग कंबर वळते आणि हात सगळ्यात शेवटी सुटतो. बरेच जण चेंडू फेकल्यासारखा हात मागे नेऊन फेकतात. त्याने खांदा दुखावतो आणि फाऊलही धरला जातो. सरावाला हलका गोळा वापरणं म्हणजे स्वतःचीच फसवणूक. एसआरपीएफचं, म्हणजे राज्य राखीव पोलीस दलाचं, गणित तर वेगळंच आहे. तिथे ग्राउंड १०० गुणांचं आणि पाच किलोमीटर धावायचं असतं. १६००च्या तयारीवर तिथे उतरलेले तिसऱ्या किलोमीटरला चालायला लागतात.

आता फॉर्म. एका पदासाठी एकाच घटकात, म्हणजे एकाच जिल्ह्याच्या किंवा शहराच्या पोलीस दलात, अर्ज करायचा असतो. वेगळा मोबाईल, वेगळा ईमेल वापरून दोन-तीन जिल्ह्यांत भरले तर एकाही ठिकाणचा धड राहत नाही. घटक निवडताना गेल्या वेळचा कट-ऑफ बघून सगळे ‘सोप्या’ जिल्ह्याकडे धावतात आणि तोच जिल्हा अवघड होऊन बसतो. आधी जाहिरातीतला तक्ता उघडा. तुमच्या प्रवर्गात, तुमच्या समांतर आरक्षणात (महिला, खेळाडू, माजी सैनिक वगैरे) तिथे जागा किती आहेत ते बघा. शून्य जागा असलेल्या रकान्यासाठी अर्ज करणारेही असतात! शिवाय आंतरजिल्हा बदली सहज मिळत नाही. पुढची बरीच वर्षं कुठे राहायचंय, हा विचार आत्ताच करा.

कागदपत्रांत दाखल्याची तारीख मारते. नॉन-क्रिमिलेयरची मुदत संपलेली असते, नाहीतर दाखला जाहिरातीतल्या तारखेनंतरचा निघतो. खेळाडू कोट्यातून भरणाऱ्यांनी प्रमाणपत्राची पडताळणी आधी करून घ्यावी, नुसतं प्रमाणपत्र पुरत नाही. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींच्या मार्कशीटवर एक आणि आधारवर दुसरंच नाव असतं. विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्र सोबत ठेवा.

फायद्यांबद्दलही ऐकीव फार चालतं. शिपायाची सातव्या वेतन आयोगातली मूळ श्रेणी २१,७०० ते ६९,१००, पीएसआयची ३८,६०० ते १,२२,८००. वर महागाई भत्ता, घरभाडे किंवा क्वार्टर, आणि महाराष्ट्र पोलीस कुटुंब आरोग्य योजनेतून घरच्यांच्या उपचारांची सोय. हे पक्कं. पण ‘आजोबांसारखी पेन्शन’ गृहीत धरू नका. १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्यांसाठी राज्याने जुनी पेन्शन बंद केली, आता पगारातून अंशदान कापलं जातं. क्वार्टर सगळ्यांना लगेच मिळत नाही. आणि गणपती, दिवाळी, निवडणूक बंदोबस्तात जाते हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा, लग्न जमवणाऱ्यांना तर नक्कीच.

शेवटची चूक लपवाछपवीची. गावातल्या मारामारीत नाव आलेलं असतं, प्रकरण मिटलेलं असतं, म्हणून साक्षांकन नमुन्यात, म्हणजे चारित्र्य पडताळणीसाठी भरायच्या फॉर्ममध्ये, ‘गुन्हा नाही’ लिहून टाकतात. चारित्र्य पडताळणी पोलीस ठाण्यातूनच होते, तिथे नोंद सापडतेच. २०१६च्या अवतार सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या विषयाची तत्त्वं घालून दिली. क्षुल्लक गुन्हा असेल तर नियुक्ती देणारा अधिकारी त्याचं स्वरूप बघून सवलतीने विचार करू शकतो. पण माहिती दडवली किंवा खोटी दिली, तर ते स्वतंत्र कारण ठरून निवड रद्द होऊ शकते किंवा लागलेली नोकरी जाऊ शकते. तेव्हा गुन्हा क्रमांक, पोलीस ठाणं, निकालाची तारीख, सगळं लिहा आणि निकालाची प्रमाणित प्रत जोडा. ती न्यायालयातून मिळायला वेळ लागतो, अर्ज आजच टाका.