जास्वंदीच्या फांदीची पानं वळली? आधी पान उलटून बघा
जास्वंदीची फांदी लावून आठवडा झाला आणि पानं वळायला लागली की हात आधी झारीकडे जातो. थांबा. पान उलटा. कोवळा शेंडाच चुरगळलाय, बोटाला चिकट लागतंय? मग मावा किंवा पिठ्या ढेकूण. ओल्या फडक्यानं पुसून काढा. कीड नाही, पण कडा द्रोणासारख्या वर वळल्यात? अहो, मुळंच नाहीत अजून, पाणी पिणार कशानं! मोठी पानं अर्धी कापा, तळ कापलेली प्लास्टिकची बाटली वरून ठेवा, बूच काढून, सावलीत. माती चिखलासारखी आणि खोड बुडाशी काळं, मऊ असेल तर ती फांदी गेलीच. खत मात्र मुळं फुटेपर्यंत नको. घाईघाईत शेणखत घालून मी चार फांद्या घालवल्यात.