फोटो काढण्याआधी एक वाक्य म्हणा

जळगाव जिल्ह्यातल्या रावेरकडे मोबाइलवर केळीची कापणी टिपायला जातो आणि फोटोत सगळंच येतं: बाग, ट्रक, माणसं, आभाळ. सांगायचं काय होतं ते हरवतं.

१. मनात एक साधं वाक्य म्हणा. उदा. ‘घड वाहून खांदा भरून आलाय.’

२. त्या वाक्यात नसलेलं चौकटीबाहेर काढा. झूम नको, फोटो फुटतो. दोन पावलं पुढे जा. खांद्यावरचं फडकं, चिकाने काळी पडलेली बोटं, एवढं पुरे. चेहराही लागत नाही, मला तर असेच फोटो जास्त बोलके वाटतात.

३. स्क्रीनवर दिसणाऱ्या त्या बोटांवर दाबून फोकस धरा, उजेड किंचित उतरवा. खानदेशातलं दुपारचं ऊन रंग पांढरे करतं.

आधी विचारा, मगच मोबाइल वर करा.