गुहागरच्या छायाचित्रातून ग्लिच संगीत

ग्लिच संगीतात यंत्राची चूक हाच कच्चा माल असतो. जपानी कलावंत यासुनाओ तोने यांनी १९८० च्या दशकातच छिद्रे पाडलेली चिकटपट्टी सीडीला लावून तिला अडखळत वाजवले होते. आपल्याला सीडीची गरज नाही. गुहागरच्या किनाऱ्याचे, खाली वाळू, मध्ये समुद्र आणि वर आकाश असलेले एखादे छायाचित्र पुरेसे आहे.

ते १०० पिक्सेल रुंद आणि ४,४१० पिक्सेल उंच असे ताणून २४ बिट बीएमपी स्वरूपात साठवावे. जेपेग घेऊ नये, कारण त्यात माहिती दाबून लहान केलेली असल्याने नुसती खरखर ऐकू येते. ऑडासिटी या ध्वनिसंपादनाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ही फाइल ‘रॉ डेटा’ (कच्ची माहिती) म्हणून, ८ बिट अनसाइन्ड, मोनो आणि ४४,१०० हर्ट्झ असे निवडून उघडावी. मात्र आवाज आधीच कमी करावा, हेडफोन तर कानाला लावूच नयेत. एका पिक्सेलचे ३ बाइट, म्हणजे प्रत्येक ओळ ३०० बाइटची; सेकंदाला ४४,१०० बाइट वाजत असल्याने १४७ ओळी वाजतात आणि सुमारे ३० सेकंदांचा, हळूहळू रंग बदलणारा स्वर मिळतो. बीएमपी सहसा तळाच्या ओळीपासून साठवली जाते, म्हणून वाळू आधी वाजते, आकाश शेवटी. (मला वाळूच अधिक सुरेल वाटते.)

नॉर्मलाइज करताना (आवाजाची पातळी ठरावीक मर्यादेत आणताना) डीसी ऑफसेट, म्हणजे ध्वनिलहरीचे शून्य रेषेपासून सरकणे, काढावा, वेग निम्मा करावा आणि भरपूर रिव्हर्ब (घुमारा) द्यावा. त्यावर कौलांवरच्या पावसाच्या ध्वनिमुद्रणातील २० मिलिसेकंदांचे तुकडे, मुद्दाम असमान अंतराने, पेरावेत.