सोलापुरात नव्याने राहायला आलेल्या मोटारमालकांसाठी

रेल्वेच्या विभागीय कार्यालयात, विद्यापीठात, बँकांत किंवा औष्णिक विद्युत प्रकल्पात नोकरीनिमित्त दरवर्षी अनेक कुटुंबे सोलापुरात येतात आणि येताना आपली मोटारही बरोबर आणतात. मी रत्नागिरीहून येऊन येथे स्थायिक झालो, त्याला आता बराच काळ लोटला आहे. कोकणात गाडीचा शत्रू म्हणजे दमट हवा आणि गंज. येथे ती जागा ऊन, धूळ आणि जड पाणी यांनी घेतलेली आहे. त्यामुळे आपल्या मूळ गावी जी देखभाल पुरेशी होती, तीच येथे तशीच चालू ठेवल्यास पहिल्याच उन्हाळ्यात गाडी रस्त्यात उभी राहण्याची शक्यता असते. कंपनीच्या पुस्तिकेतील वेळापत्रक चुकीचे नसते. मात्र त्याच पुस्तिकेत धुळीच्या व अति उष्ण प्रदेशासाठी वेगळा, अधिक कडक तक्ता बहुधा दिलेला असतो, आणि सोलापूरकराने तोच आपला मानावा, असे माझे ठाम मत आहे.

एप्रिल-मे महिन्यांत येथील पारा ४० अंशांच्या वर राहतो आणि काही दिवस ४३-४४ पर्यंतही जातो. अशा दुपारी एसी लावून तुळजापूरचा घाट चढताना इंजिन थंड ठेवणाऱ्या यंत्रणेची खरी परीक्षा होते. म्हणून होळीच्या सुमारास, ऊन तापण्याआधी, या यंत्रणेची तपासणी करून घ्यावी. सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना बोनेट उघडून कूलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या, पारदर्शक टाकीतील पातळी खालच्या व वरच्या खुणेच्या दरम्यान आहे ना, हे पाहावे. पातळी वारंवार खाली जात असेल, तर केवळ भर घालून समाधान मानू नये, कारण बंद यंत्रणेतून कूलंट आपोआप कमी होत नाही. कुठेतरी गळती असतेच. रबरी नळ्या हाताने दाबून पाहाव्यात. त्या कडक, भेगाळलेल्या किंवा टोकाशी फुगलेल्या असतील तर बदलाव्यात. इंजिन चालू करून एसी लावल्यावर पुढचा पंखा फिरतो की नाही, तेही पाहावे. रेडिएटरच्या पुढील जाळीत धूळ, किडे आणि उसाचे पाचट अडकून हवेची वाट बंद होते. ती जाळी पाण्याच्या हलक्या धारेने धुऊन घ्यावी. जोराचा फवारा मारल्यास तिच्या नाजूक पात्या दुमडतात.

पाण्याविषयी थोडे विस्ताराने सांगणे भाग आहे. येथील बोअरचे पाणी बहुतेक ठिकाणी जड आहे. ज्या घरात गिझरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो, त्या घरातले पाणी रेडिएटरमध्ये घातल्यास तोच थर आतल्या बारीक नळ्यांत बसतो आणि उष्णता बाहेर पडेनाशी होते. त्यामुळे कूलंटमध्ये मिसळण्यासाठी डिस्टिल्ड वॉटरच वापरावे, किंवा पाणी मिसळण्याची गरज नसलेले तयार कूलंट विकत घ्यावे. डिकीत कूलंटचा एक लिटरचा डबा कायम ठेवावा. कूलंट चवीला गोड पण विषारी असते. ते सांडल्यास पाणी टाकून लगेच धुऊन काढावे आणि डबा लहान मुले व कुत्र्या-मांजरांपासून दूर ठेवावा.

आता गाडी रस्त्यातच गरम होऊ लागली तर काय करावे? तापमानाचा काटा मध्याच्या वर सरकू लागताच प्रथम एसी बंद करावा, काचा खाली घ्याव्यात आणि हीटर पूर्ण गरम स्थितीत ठेवून त्याचा पंखा जोरात लावावा. मे महिन्यात हीटर लावणे विचित्र वाटते, परंतु त्यामुळे इंजिनची काही उष्णता आतल्या बाजूने बाहेर पडते आणि सुरक्षित जागा गाठण्यापुरता अवधी मिळतो. काटा लाल पट्टीत गेला, लाल दिवा लागला किंवा बोनेटखालून वाफ येऊ लागली, तर मात्र ‘पुढच्या ढाब्यापर्यंत जाऊ’ असा विचार करू नये. बाजूला घेऊन इंजिन ताबडतोब बंद करावे. त्या अवस्थेत चालवलेल्या दोन-तीन किलोमीटरांत सिलिंडरचे हेड वाकू शकते आणि एका साध्या नळीचे काम कित्येक हजारांवर जाते. गाडी बंद केल्यावर किमान अर्धा-पाऊण तास थांबावे. रेडिएटरचे किंवा टाकीचे झाकण गरम असताना कधीही उघडू नये. आतील द्रव दाबाखाली असल्यामुळे १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही, पण झाकण सैल होऊन दाब उतरताच तो एकदम उकळून बाहेर उसळतो आणि हात-चेहरा भाजतो. पूर्ण थंड झाल्यावर जाड फडके धरून झाकण हळूहळू फिरवावे, दाब निघून जाऊ द्यावा, मगच कूलंट थोडे थोडे घालावे. कूलंट नसेल तर अशा प्रसंगी पिण्याचे पाणी चालते; मात्र घरी परतल्यावर यंत्रणा धुऊन पुन्हा योग्य मिश्रण भरून घ्यावे. तापलेल्या इंजिनवर वरून गार पाणी ओतू नये, त्याने धातूला तडा जाऊ शकतो.

उन्हाचा दुसरा मारा टायरवर होतो. हवा कमी असलेला टायर धावताना सतत दबतो, त्या दबण्याने आतून तापतो, आणि खालचा डांबरी रस्ताही तापलेला असला की भर वेगात फुटतो. पुणे महामार्गावर उन्हाळ्यात दिसणाऱ्या फाटक्या टायरच्या पट्ट्यांमागे बरेचदा हेच कारण असते. हवेचा योग्य दाब चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या तक्त्यात लिहिलेला असतो. तो बहुतेक लहान मोटारींसाठी ३० ते ३५ पीएसआयच्या दरम्यान असतो, आणि गाडी भरलेली असल्यास काहीसा अधिक. दाब पंधरा दिवसांतून एकदा, सकाळी, गाडी फार चाललेली नसताना तपासावा. दुपारी लांबून आल्यावर मोजल्यास तो तीन-चार पीएसआयने जास्त दिसतो, म्हणून त्या वेळी हवा काढून टाकू नये. नायट्रोजन भरणे वाईट नाही, पण दाब नियमित तपासण्याला तो पर्याय ठरत नाही. टायरच्या बाजूवर चार आकडी तारीख कोरलेली असते: २३२१ याचा अर्थ २०२१ सालचा तेविसावा आठवडा. येथील उन्हात नक्षी शाबूत असूनही रबर कडक होते, त्यामुळे पाच वर्षे उलटलेले टायर दर काही महिन्यांनी तज्ज्ञाला दाखवावेत आणि बाजूच्या भिंतीवर भेगा दिसल्यास वाट न पाहता बदलावेत. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरपेक्षा कमी झालेला टायर कायद्यानेही चालत नाही.

पंक्चर येथे सर्वांनाच कधी ना कधी होते. शेतातल्या वाटांवर बाभळीचे काटे, औद्योगिक वसाहतीत खिळे आणि पत्र्याचे तुकडे असतात. ट्यूबलेस टायरमध्ये खिळा दिसला तर तो उपसून काढू नये. तो आत असेपर्यंत हवा सावकाश जाते आणि हवा भरत भरत पंक्चरवाल्यापर्यंत पोहोचता येते. यासाठी गाडीतील १२ व्होल्टच्या सॉकेटवर चालणारा छोटा हवेचा पंप फार उपयोगी पडतो. टायरच्या बाजूला, म्हणजे भिंतीत, भोक पडले असेल तर पंक्चर काढून घेऊ नये. तो टायर बदलावाच लागतो.

स्टेपनी बदलायची वेळ आली तर जागेची निवड सर्वांत महत्त्वाची. सोलापूरची काळी माती नवख्या माणसाला ठाऊक नसते. उन्हाळ्यात ती दगडासारखी घट्ट वाटते, पण पावसाळ्यात रस्त्याच्या कडेला चाक खाली उतरवले की ती चाकाला धरून ठेवते आणि गाडी रुतते. त्यामुळे पावसाळ्यात डांबराच्या किंवा मुरमाच्या पट्ट्यावरच गाडी थांबवावी. जॅकही मऊ मातीत खचून गाडी घसरू शकते, म्हणून डिकीत सुमारे एक फूट लांब-रुंद, जाड लाकडी फळी ठेवावी आणि जॅक तिच्यावर बसवावा. वीट वापरू नये, ती वजनाखाली फुटते. हँडब्रेक ओढावा, गाडी गिअरमध्ये ठेवावी, समोरच्या कर्णातील चाकाला दगडाची अडण द्यावी, आणि चाक जमिनीवर असतानाच पान्याने सर्व नट अर्धा फेरा सैल करावेत. मग गाडी उचलून चाक काढावे. नवे चाक बसवल्यावर नट हाताने लावून घ्यावेत, गाडी खाली उतरवावी आणि समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळावेत. काही अंतर गेल्यावर ते पुन्हा एकदा तपासावेत. जॅकवर असलेल्या गाडीखाली कोणीही हात-पाय घालू नये. अनेक नव्या गाड्यांची स्टेपनी मूळ चाकापेक्षा बारीक असते. तिच्यावर ताशी ८० किलोमीटरची मर्यादा लिहिलेली असते, तिचे पालन करावे. काही गाड्यांत स्टेपनीऐवजी फक्त दुरुस्तीचा संच असतो. तो नवी गाडी ताब्यात घेतानाच एकदा उघडून पाहावा.

आणि गाडी चिखलात रुतलीच तर? ॲक्सिलरेटर जोरात दाबून चाके फिरवत राहिल्याने गाडी अधिकच खोल जाते. पायपुसण्या, गोणपाट किंवा शेतकऱ्याने दिल्यास ज्वारीचा कडबा चालणाऱ्या, म्हणजे इंजिन ज्यांना फिरवते त्या, चाकांसमोर पसरून, दुसऱ्या गिअरमध्ये हलकेच बाहेर काढावी. तेवढ्याने भागले नाही तर जवळच्या वस्तीवरचा ट्रॅक्टर बोलवावा. या भागातील शेतकरी अडलेल्याला सहसा नाही म्हणत नाहीत.

बॅटरीबाबत लोकांचा समज असतो की ती थंडीत दगा देते. येथे ती उन्हाळ्यात झिजते आणि पहिल्या गार सकाळी बंद पडते. उष्णतेने आतील पाणी उडते आणि पट्ट्या गंजतात. पाणी भरता येणारी बॅटरी असेल तर उन्हाळ्यात दर महिन्याला पातळी पाहून डिस्टिल्ड वॉटरच घालावे. टर्मिनलवर पांढरट-हिरवट क्षार साचला असेल तर आधी वजा टर्मिनल सुटे करावे, खाण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्याने पुसावे आणि कोरडे करून व्हॅसलीन लावावे. बंद गाडीत १२.४ व्होल्टपेक्षा कमी दाब येत असेल तर बॅटरी पुरेशी चार्ज झालेली नाही असे समजावे. दुसऱ्या गाडीवरून सुरू करताना लाल वायर आधी बंद बॅटरीच्या अधिक टोकाला, मग चांगल्या बॅटरीच्या अधिक टोकाला, नंतर काळी वायर चांगल्या बॅटरीच्या वजा टोकाला आणि शेवटचे टोक बंद गाडीच्या इंजिनवरील उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर लावावे. या क्रमाचे कारण असे की शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते आणि बॅटरीतून ज्वालाग्राही हायड्रोजन वायू निघत असतो. काढताना हाच क्रम उलटा करावा.

इंजिन ऑइल महिन्यातून एकदा सपाट जागेवर पाहावे. त्याचा रंग दुधी झाला असल्यास आत कूलंट मिसळत आहे असे समजून गाडी चालवू नये. एअर फिल्टर मात्र येथे लवकर भरतो. सर्व्हिसिंगची वाट न पाहता पाच हजार किलोमीटरवर तो काढून बघावा. वायपरची रबरे उन्हाने ताठ होतात, ती मृग नक्षत्र लागण्यापूर्वी बदलून घ्यावीत, कारण धूळ आणि तेलाने माखलेल्या रस्त्यावर पडणारा पहिला पाऊस सर्वांत निसरडा असतो. फ्यूज उडाल्यास त्याच अँपिअरचा बसवावा. जास्त क्षमतेचा किंवा तारेचा तुकडा लावल्यास वायरिंग जळते.

मिस्त्री निवडताना घाई करू नये. येथे मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि दखनी बोलणारे अनेक कुशल कारागीर आहेत. ‘अण्णा, जरा गाडी बघता का’ असे आदराने विचारल्यास माणूस मन लावून काम करतो. एखादे लहान काम आधी देऊन पाहावे, काढलेला जुना भाग परत मागावा आणि नव्याचे बिल घ्यावे.

रात्री महामार्गावर गाडी बंद पडल्यास आधी चारही इंडिकेटर लावावेत आणि परावर्तक त्रिकोण गाडीच्या मागे किमान ५० मीटरवर ठेवावा. चौपदरी रस्त्यावर अंतर याहून जास्त असावे. साखर कारखान्यांच्या गाळप हंगामात, म्हणजे साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत, मागे दिवे नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या आपल्या पुढेही असतात आणि मागूनही येतात, हे विसरू नये. सर्वांनी गाडीतून उतरून डाव्या बाजूस, कठड्यापलीकडे उभे राहावे. राष्ट्रीय महामार्गासाठी १०३३ आणि आणीबाणीसाठी ११२ हे क्रमांक लक्षात ठेवावेत. जखमी असल्यास १०८. सावळेश्वर, वरवडे किंवा तामलवाडी यांसारख्या टोलनाक्यांच्या जवळ असाल तर तेही सांगावे, त्यामुळे ठिकाण लवकर कळते. विम्यासोबत रस्त्यावरील साहाय्याची सेवा घेतली असेल, तर तिचा क्रमांक मोबाइलबरोबर कागदावरही लिहून ठेवावा.

टोचन लावायचेच झाले तर चावी चालू स्थितीत ठेवावी, म्हणजे स्टिअरिंगला कुलूप लागत नाही. इंजिन बंद असताना ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही जड लागतात, म्हणून वेग अगदी कमी असावा आणि चालवणारा अनुभवी असावा. स्वयंचलित गिअरची गाडी चालणारी चाके जमिनीवर ठेवून ओढत नेऊ नये. तिच्यासाठी सपाट पाटाची क्रेनच मागवावी.